झुकणारी खुर्ची

पार्लरमध्ये खुर्च्या तीन होत्या. दोन फिरत्या, एक झुकणारी. आरसे पाच, त्यांतला एक माणसाच्या उंचीचा. केस धुवायचं बेसिन एक, नळ दोन, त्यांतला गरम पाण्याचा चालू. चाकांची ट्रॉली एक, जाड पडदा एक, कंगवे ठेवायची निळ्या दिव्याची पेटी एक. खिडकी मोठी, दोन्ही दारं उघडली तर वारा आरपार. आणि गिऱ्हाइकं शून्य, कारण साथीमुळे गावातली सगळी पार्लरं बंद ठेवायचा हुकूम होता.

सिस्टरने दारात उभ्या उभ्याच हे सगळं नजरेने टिपलं आणि तिच्या जिवात जीव आला. ती दवाखान्याच्या बाळंतपण विभागात कामाला होती. महिनाभरापूर्वी दवाखान्याचा खालचा मोठा हॉल तापाच्या पेशंटसाठी घेतला गेला. बाळंतपण विभाग वरच्या मजल्यावर होता तिथेच राहिला, पण वर जायचा जिना त्या हॉलमधूनच जात होता. गरोदर बाईने खोकणाऱ्या माणसांच्या दोन रांगांमधून वाट काढायची आणि मग वर जाऊन तपासून घ्यायचं. साहजिकच बायका यायच्या थांबल्या. ज्या बाया येत नाहीत त्यांना त्यांच्या गल्लीत जाऊन तपासा, असं सिस्टरला सांगण्यात आलं. कुठे, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आठवडाभर तिने बायांना कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या जिन्याच्या वळणावर तपासलं. पोट तपासायचं म्हणजे पदर, ओढणी, शेजारणींचे डोळे, सगळंच आडवं येत होतं.

पार्लरच्या मालकिणीला सगळे ब्युटीताई म्हणत. ती उंच, भारदस्त आणि बोलायला एक नंबर. तिनेच सिस्टरला रस्त्यात गाठून किल्ली दाखवली होती. माझं दुकान रिकामं धूळ खातंय आणि तुम्ही बायकांना जिन्यात निजवताय, हे मला बघवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर परवानगी दिली. शटर अर्धं वर, खिडकी उघडी, एका वेळी एकच बाई आत, प्रत्येकीनंतर खुर्ची पुसायची, एवढ्या अटी त्यांनी घातल्या. ब्युटीताईने त्या तिच्या तिच्या भाषेत पाळल्या. दारात आलेल्या पहिल्या बाईला ती म्हणाली, "हात धू, तोंड झाक, आणि भुवयांचं विचारू नकोस. त्या यंदा तशाच राहणार."

झुकणारी खुर्ची ही ब्युटीताईच्या गळ्यातला ताईत. पाठ मागे जाते, पाय वर येतात, अंगाखाली मऊ गादी. नखांचं काम करताना आपल्याला फार वाकावं लागू नये म्हणून तिने सुताराकडून खुर्चीचे हात उंच करून घेतले होते आणि त्यांवर स्पंजच्या जाड उशा बसवल्या होत्या. सात-आठ महिन्यांचं ओझं घेऊन, तोंडावर मास्क लावून, उन्हातून चालत आलेली बाई त्या खुर्चीत टेकली की डोळेच मिटायची. ब्युटीताई खालचा खटका दाबून पाठ आणखी जरा मागे करायची, बाईचे दोन्ही हात उशांवर ठेवायची आणि मग सिस्टर दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायची.

सगळ्यांचे आकडे कसे छान येत. सिस्टरला त्याचं कौतुक वाटे. एवढ्या धामधुमीत, एवढ्या काळजीत, बायांचं बीपी इतकं गुणी कसं? ब्युटीताईकडे उत्तर तयार होतं. "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं बीपी चढूच शकत नाही. तुमच्या दवाखान्याच्या त्या साहेबांना एकदा पाठवून द्या."

बाया वाढत गेल्या, एकतीस झाल्या. त्यांतली एक पेंटरीण. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, म्हणून हे नाव. आठवा सरत आलेला, पायांवर थोडी सूज. बीपी एकशे चौतीस, खालचं शहाऐंशी. वरच्या अंगाला, पण हद्दीच्या आत. सिस्टरने तिला मीठ कमी करायला, डाव्या कुशीवर निजायला सांगितलं आणि काळजीचं कारण नाही म्हणून पाठवलं.

त्यानंतर तीन दिवसांनी सिस्टरचं डोकं दुखत होतं. तिला स्वतःला बीपीची गोळी चालू होती आणि आदल्या रात्री ती घ्यायची राहून गेली होती. सकाळी घरी जेवणाच्या टेबलाशी बसून तिने मोजलं तर एकशे बावन्न. पार्लरला आल्यावर, पहिली बाई यायच्या आत, ती झुकणाऱ्या खुर्चीत बसली आणि पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस.

गोळी अजून घेतलेलीच नव्हती.

ब्युटीताई म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते? सिस्टर हसली नाही. घरचं मशीन बिघडलं असेल म्हणून तिने ते दुसऱ्या दिवशी पार्लरला आणलं. खुर्चीत बसून एकदा या मशीनने मोजलं, एकदा त्या. दोन्हींत फरक नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे मशिनं ठीक होती. माणूस तेच, दंड तोच. बदलली होती ती फक्त जागा. पण जागेने रक्ताला काय फरक पडावा?

ती विचार करत तशीच मागे रेलली. ब्युटीताईने सवयीने खटका दाबला, पाठ आणखी मागे गेली, आणि सिस्टरची नजर समोरच्या उंच आरशात गेली. आरशात एक बाई दरबारात बसल्यासारखी ऐसपैस पसरली होती. तिची छाती खाली गेली होती, कोपरं मात्र उंच उशांवर, हनुवटीच्या जवळपास. पट्टा बांधलेला दंड काळजाच्या चांगला वीतभर वर होता.

सिस्टर ताडकन उठली. हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. दंड काळजाच्या रेषेत हवा. वर असला तर आकडा कमी येतो, खाली असला तर जास्त. वीतभराला पंधरा-सोळाचा फरक. ओट्यावर, जिन्यात, कुठेही तिने ही चूक केली नव्हती, कारण तिथे कुणालाच आराम नव्हता. इथे ती बाईला जितकी आरामात बसवत होती, तितका आकडा खोटा येत होता.

ब्युटीताईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मी मेलीनं हौसेनं त्या उशा लावून घेतल्या, असं ती पुटपुटली. सिस्टरने तिला सांगितलं की उशा तुमच्या होत्या, पट्टा माझा होता, आणि आता रडायला वेळ नाही. ब्युटीताईने शेजारच्या बंद खानावळीतून एक सरळ पाठीची लाकडी खुर्ची आणि एक टेबल उचलून आणलं. एकतीस जणींना निरोप गेले. मागचं मोजमाप चुकलं आहे, पुन्हा या. दोन दिवसांत तीस आल्या. काही बडबडल्या, एकीने विचारलं की तुमचं मशीन पार्लरला आल्यापासून नटायला लागलंय का. चौघींचं बीपी खरोखरच हद्दीपलीकडे निघालं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर गोळ्या सांगितल्या, पण चौघींना रक्त तपासायला दवाखान्यात पाठवा असंही बजावलं. चौघीही नको म्हणाल्या. त्या हॉलमधून जायचं नाही म्हणजे नाही.

एकतिसावी, पेंटरीण, आलीच नाही. फोन तिच्या सासूने घेतला. तुम्हीच म्हणालात ना सगळं ठीक आहे, असं म्हणून तिने ठेवूनही दिला.

सिस्टर मशीन पिशवीत टाकून त्यांच्या घरी गेली. खाली रंगाचं दुकान, वर राहायची खोली. भिंतीला टेकवून अर्धवट रंगवलेल्या पाट्या उभ्या होत्या आणि टर्पेंटाइनचा वास नाकात चढत होता. पेंटरीण खालीच, दुकानात, सतरंजीवर कुशीवर पडली होती. सिस्टरला बघून उठली, ओशाळं हसली. डोकं दुखतंय दोन दिवस, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, वासाने होत असेल, असं ती म्हणाली.

सासू दारातच आडवी उभी होती. ठेंगणी, कोरडी, केसांना पांढऱ्या रंगाचा एक शिंतोडा. सासरे पाट्या रंगवायचे आणि सासू त्या पाट्या तीनचाकी टेम्पोत घालून पोचवायची. सुनेने काम सासऱ्यांकडून उचललं. साथ आली आणि पहिल्याच आठवड्यात सासरे तापाने फणफणले. स्वतःच्या पायांनी, खिशात कंगवा घालून, ते त्या हॉलमध्ये गेले. तिथेच वारले, आणि बाहेर नेलं तेव्हा घरच्यांना दिसलेसुद्धा नाहीत. मुलगा, म्हणजे पेंटरणीचा नवरा, कामासाठी दूरच्या गावी होता, रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकला होता. घरात आता दोघीच.

"आधी म्हणालात ठीक आहे," सासू म्हणाली. "आता म्हणता ठीक नाही. उद्या आणखी काहीतरी म्हणाल. मी कुठल्या दिवसाचं खरं धरू?"

सिस्टरने मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा. आधी तुमचंच मोजू. आकडा तुम्ही वाचा."

सासूला हे अपेक्षित नव्हतं. ती बसली. हात टेबलावर, दंड छातीच्या रेषेत. एकशे अठ्ठावीस. मग सिस्टरने टेबलावर रंगाचे दोन डबे रचले, त्यांवर तिचा हात ठेवला. एकशे अकरा. सासूने डब्यांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग कुणी न सांगता तिने तो हात खुर्चीच्या बाजूला सोडला आणि लोंबता ठेवून म्हणाली, आता लावा. एकशे चव्वेचाळीस.

सिस्टरने तिला विचारलं की तुमच्या वरच्या खोलीत नळाला पाणी कसं येतं. बारीक, सासू म्हणाली. आणि खाली? खाली धो धो. मग सिस्टर म्हणाली की रक्ताचंही तेवढंच आहे, टाकी म्हणजे काळीज, आणि मी तुमच्या सुनेचं पाणी वरच्या मजल्यावर मोजलं होतं.

सासूने सुनेकडे मान वळवली. "ये गं, बस इथे. डबे काढा ते."

पेंटरणीचा हात टेबलावर ठेवला. मशीन गुरगुरलं, थांबलं. एकशे बासष्ट. खालचं एकशे आठ. सिस्टरने पिशवीतून लघवी तपासायची पट्टी दिली. पट्टी परत आली तेव्हा हिरवी झाली होती, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. सिस्टरने सरळ सांगितलं की हे आजच्या आज थांबवावं लागेल, नाहीतर झटके येतील, आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे, आणि याचं औषध फक्त दवाखान्यात आहे.

"औषधाला नाही म्हणत नाही मी," सासू म्हणाली. "पण ज्या दारातून हे गेले त्या दारातून हिला नेणार नाही. दुसरं दार दाखवा."

दुसरं दार होतं. सिस्टरला ते माहीत होतं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला सामान चढवायचा उतार होता आणि तिथून थेट वर जाणारी लिफ्ट. पण ते दार आतून बंद होतं आणि त्याच्यापुढे रिकामे सिलिंडर रचलेले होते. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी पंधरा दिवस त्याच दारासाठी साहेबांच्या मागे लागले आहे. साहेब म्हणजे दवाखान्याचे अधीक्षक. त्यांचं म्हणणं, दिवसाला एखादी बाई येते, एका बाईसाठी तिथे पहारेकरी, सफाईला माणूस, लिफ्टला माणूस, एवढी माणसं मी कुठून आणू? आणि बाया येत नाहीत त्या दार नाही म्हणून, हे त्यांना पटत नव्हतं, कारण न आलेल्या बाया त्यांना दिसणार तरी कशा?

सिस्टरने तो फोन ठेवला. मग तिने ब्युटीताईला फोन केला. त्या चौघींना घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराशी या, आत्ता, असं तिने सांगितलं. ब्युटीताईने विचारलं, त्या पुढच्या दाराला नाही म्हणाल्यात, मागच्याला येतील का? विचारून बघा, सिस्टर म्हणाली.

रुग्णवाहिका फक्त तापाच्या पेशंटसाठी राखून ठेवली होती. सासूने टेम्पोची किल्ली घेतली. मागे पाट्यांसाठी अंथरलेल्या चिंध्यांवर गादी टाकली, सुनेला डाव्या कुशीवर निजवलं, सिस्टरला तिच्याशेजारी बसवलं आणि गाडी काढली. वीस वर्षं ओल्या रंगाच्या पाट्या वाहिलेली बाई. एकही खड्डा तिने चुकवायचा सोडला नाही. नाक्यावर पोलिसाने हात केला, आत डोकावला आणि काही न विचारता बांबू वर केला.

मागच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा ब्युटीताई आधीच तिथे होती. चौघीही आल्या होत्या. बातमी फुटून आणखी तिघी आल्या होत्या, ज्यांची नावंही सिस्टरला ठाऊक नव्हती. उतारावर, एकमेकींपासून दोन हात लांब, तोंडं झाकलेल्या, पोटावर हात ठेवून सात बाया उभ्या. टेम्पोतली धरून आठ. उन्हात आठ पोटं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी दार वाजवलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. वरच्या खिडकीतून एका परिचारिकेने बघितलं, मग दुसरीने. मग खिडकीत डॉक्टरीणबाई आल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी साहेब.

आतून लोखंड घसटल्याचा आवाज यायला लागला. एक सिलिंडर, दुसरा, तिसरा. कुणीतरी ते बाजूला लोळवत होतं. कडी निघाली, दार उघडलं, आणि दारात स्वतः साहेबच उभे होते, घामाने निथळत, मास्कवर चष्मा वाफाळलेला. त्यांचे डोळे कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाचे होते. त्यांनी उतारावर नजर फिरवली.

"एवढ्या होत्या कुठे या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पार्लरात," ब्युटीताई म्हणाली.

साहेबांच्या मास्कमागे काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मागे वळून लिफ्टवाल्याला हाक मारली. स्ट्रेचर आधी टेम्पोशी आलं. सासू सुनेचा हात सोडेना. आत सोबतीला कुणाला परवानगी नव्हती. डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. कुठल्या खोलीत ठेवणार, कुठलं औषध देणार, खिडकी कुठली. सासूने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी जात नाही कुठे, इथेच बसते. तिने टेम्पोतला रंगाचा रिकामा डबा काढला, उतारापलीकडच्या झाडाखाली उपडा टाकला आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसली.

झटक्यांचं औषध शिरेतून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतपण झालं. मुलगी, जरा लवकर आलेली, जरा बारीक, पण पहिलं रडणं इतकं खणखणीत की खाली लिफ्टवाल्याने वर बघितलं. डॉक्टरीणबाईंनी गुंडाळलेलं बाळ खिडकीच्या काचेशी धरलं. सासू डब्यावरून उठली, बसली, पुन्हा उठली. शेजारी ब्युटीताई डबा घेऊन आली होती, त्यात वरण-भात होता. सासूने तो तिच्या हातून घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा जेवायला बसली. अर्ध्यावर थांबून तिने विचारलं, मुलीला भुवया आहेत ना हो? ब्युटीताई म्हणाली, आजीवर गेल्या असतील तर मला काम मिळेल.

पेंटरीण बाहेर यायला आठवडा लागला. उताराच्या वरच्या टोकाला ती बाळ घेऊन उभी राहिली आणि सासू खालून बघत राहिली. दोघींना एकमेकींकडे चालत यायला सुचेना. मग मुलीनेच भोकाड पसरलं आणि सासू धावली.

दार पुन्हा बंद झालं नाही. साहेबांनी पहारेकरी दिला, सफाईला माणूस दिला. पण रस्त्यावरून ते दार दिसत नव्हतं, म्हणून सासूने एका सकाळी पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या दारापर्यंत भिंतीवर पिवळे बाण काढले. अक्षरं तिला जमत नव्हती, पण रेघ सरळ होती. पार्लरमधली लाकडी खुर्ची तिथेच राहिली. झुकणारी खुर्ची पडद्यामागे गेली, पोट तपासायला. सासूचा टेम्पो आता पाट्यांच्या ऐवजी बायांना आणायला जायचा. फोन आला की ती चिंध्यांवर धुतलेली गादी टाकायची आणि निघायची. बाईला दारात सोडलं की काम संपलं, असं ती मानत नसे. आत गेलेलं माणूस बाहेर येताना मला बघायचं असतं, एवढंच ती सांगे. ज्या दिवशी जी बाहेर येणार असेल त्या दिवशी टेम्पो उताराखाली उभा असे, आणि डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेरचे आकडे मागितले तेव्हा सिस्टरने ते तिलाच विचारले.

त्या महिन्यात मागच्या दाराने बाळंतपणासाठी सत्तावीस बाया आत गेल्या. एकीला जुळं झालं. बाहेर पंचावन्न माणसं आली.